जुन्या लष्करी गाड्यांवर पाहुण्यांना चढवणाऱ्या पायऱ्या : पाच प्रकारांची पारख

दुसऱ्या महायुद्धातला अडीच टनी जीएमसी ट्रक प्रदर्शनात उभा केला, की थोड्याच वेळात कुणीतरी मागच्या टायरवर पाय देऊन हौद्यात चढू बघते. खोल नक्षीचे ते टायर पायरीसारखेच दिसतात. पण टायरची कड गोल असते. ती ओली असली की पाय घसरतो आणि नडगी थेट हौद्याच्या लोखंडी कडेवर आपटते. या गाड्या विशीतल्या, जाड बूट घातलेल्या आणि दिवसातून दहा वेळा चढउतार करणाऱ्या जवानांसाठी घडवलेल्या होत्या. प्रदर्शनाला येतात सहा वर्षांची मुले, सत्तरीतले आजी-आजोबा, पायात चपला आणि खांद्याला पिशवी अडकवलेली माणसे. गाडीत फेरफार करता येत नाही, कारण तिचे मूळ रूप राखण्यासाठीच तर मालकाने तिच्यावर वर्षानुवर्षे राबून ती उभी केलेली असते. त्यामुळे जवान आणि पाहुणा यांच्यातले सगळे अंतर पायऱ्यांनीच भरून काढावे लागते.

नेमक्या याच कामासाठी बनवलेल्या पायऱ्या क्वचितच मिळतात. घरदुरुस्ती, गोदाम किंवा रंगमंच यांच्यासाठी तयार झालेल्या वस्तूच इथे वापराव्या लागतात. त्यातले सर्रास दिसणारे पाच प्रकार इथे तपासले आहेत: घडीचे तीन पायऱ्यांचे स्टूल, फाळक्याला (हौद्याच्या मागच्या, खाली पडणाऱ्या दाराला) अडकवायची शिडी, गोदामातली चाकांची शिडी, लाकडी ठोकळा आणि रंगमंचाचा जिना.

सगळ्यांना कसोटी एकच लावली आहे: शेवटच्या पायरीवरून गाडीत पाऊल टाकताना माणसाच्या हातात काय असते? खालच्या पायऱ्या कुठल्याही साधनावर चढता येतात. अपघात होतो तो वरच्या अर्ध्या मीटरमध्ये. तिथे पायरी संपलेली असते, कठडाही संपलेला असतो, एक पाय हवेत असतो आणि हात काहीतरी चाचपत असतात. दोन हात आणि दोन पाय यांपैकी तीन अवयव कायम कशाला तरी टेकलेले हवेत, हा ट्रकचालकांना शिकवला जाणारा नियम आहे. हातांना धरायलाच काही नसेल तर तो नियम पाळायचा तरी कसा? उतरताना तर हाल आणखी वाईट. पाऊल कुठे पडणार हे दिसत नाही आणि अंगाचा सगळा भार त्या न दिसणाऱ्या पावलाकडेच चाललेला असतो.

आकड्यांचे थोडे आधी सांगून टाकू, म्हणजे खरेदी करताना फसगत होणार नाही. युरोपच्या ईएन १३१ या शिड्यांच्या मानकात कमाल भार १५० किलो धरलेला आहे. अमेरिकेत शिड्यांचे दर्जे असतात. सर्वांत हलक्या दर्जाची शिडी ९१ किलोपर्यंत चालते, सर्वांत भक्कम १७० किलोपर्यंत. हा भार माणूस, त्याचे कपडे आणि हातातले सामान मिळून असतो. ९० किलोचा बाप आणि मागोमाग त्याच पायऱ्यांवर चढणारी २५ किलोची मुलगी मिळून ११५ किलो होतात, म्हणजे ९१ किलोच्या शिडीचा विषय तिथेच संपला. सार्वजनिक कार्यक्रमात १५० किलोच्या खालचे काहीही घेऊ नये. भार सांगणारे लेबल खरवडून गेले असेल तर ती वस्तू वापरातून काढलेलीच बरी.

आता एकेक प्रकार.

घडीचे तीन पायऱ्यांचे ॲल्युमिनियमचे स्टूल सगळ्यांत स्वस्त, सगळ्यांत हलके आणि सगळ्यांत जास्त दिसणारे. एका हाताने उचलता येते आणि जीपच्या मागे टाकून नेता येते. पण वरच्या पायरीवर उभे राहिले की हाताला काहीच नाही. काहींना गुडघ्याच्या थोडे वर येणारी कमान असते, तिला धरण्यासाठी मोठ्या माणसाला वाकावे लागते आणि वाकले की तोल पुढे जातो. शिवाय स्टूल हे जागेवर उभे राहून काम करण्यासाठी असते, त्यावरून बाजूला पाऊल टाकून दुसरीकडे जाण्यासाठी नसते. वरच्या पायरीवरून माणूस पुढे पाऊल टाकतो तेव्हा मागच्या पायाने स्टूलला मागे रेटतो, आणि सहासात किलोचे स्टूल तेवढ्या रेट्याने सहज सरकते. माणसाचा एक पाय गाडीत आणि दुसरा सरकणाऱ्या स्टूलवर अशी फाक पडते. हे स्टूल सरावलेल्या चालकासाठी ठीक आहे. पाहुण्यांसाठी आमचे मत ‘नको’ असेच आहे, कितीही चांगल्या बनावटीचे असले तरी.

फाळक्याला अडकवायच्या शिडीबद्दल जरा सविस्तर लिहायला हवे, कारण ती दिसायला अगदी योग्य वाटते. दोन आकडे (हुक) फाळक्याच्या किंवा हौद्याच्या कडेवर बसतात, चारपाच दांड्या खाली लोंबतात. मूळ लष्करी शिडी मिळाली तर मालकाला आनंदच होतो. चढवणारा स्वतःही तीच वापरत असतो. त्यामुळे ती पाहुण्यांना नको म्हणणे कठीण जाते.

तरीही नको, आणि त्याची कारणे तीन आहेत. पहिले म्हणजे शिडी जवळजवळ उभी लोंबते. टेकून ठेवायच्या शिडीचा कल १:४ असावा, म्हणजे चार हात उंचीला बुडाशी एक हात अंतर, साधारण ७५ अंश. अडकवलेल्या शिडीला एवढाही कल मिळत नाही. पायाचा फक्त चवडा दांडीवर मावतो, कारण मागे लगेच फाळक्याचा पत्रा असतो. दांडी आणि पत्रा यांच्यात किमान १५ ते १८ सेंटीमीटर जागा हवी, जुन्या शिड्यांत ती बोटभर असते. दुसरे कारण आकड्यांचे. आकडा सपाट पट्टीचा वाकवलेला असेल तर वारंवार झटके बसून तो हळूहळू उघडतो. नव्या आकड्याशेजारी जुना धरून पाहिला की फरक दिसतो. आकड्याला खालून अडवणारी पिन नसेल तर चढणाऱ्याने शिडी वर उचलल्यासारखी ओढली की ती कडेवरून सुटते. तिसरे कारण गाडीच्या पाट्यांचे, म्हणजे चाकांवरच्या पट्टीच्या स्प्रिंगांचे. हौद्यात दहाबारा माणसे बसली की मागचे पाटे दबतात आणि हौदा काही सेंटीमीटर खाली येतो. शिडीचे पाय जमिनीला टेकलेले असतील तर हौदा खाली येताना आकडे कडेवरून वर उचलले जातात. शेवटचा माणूस चढेपर्यंत शिडी नुसती टेकून उभी असते आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून अडकवलेली शिडी वापरायचीच असेल, तर तिचे पाय जमिनीपासून ५ सेंटीमीटर वर लोंबते ठेवावेत, आकड्यांना पिन घालावी आणि ती फक्त चालक-सहायकांनीच वापरावी.

याच ओघात फाळक्याचेही सांगायला हवे. साखळ्यांवर आडवा टेकवलेला फाळका म्हणजे आयता ओटा, असे वाटते. पण त्या साखळ्यांचे आकडे, बिजागऱ्यांच्या पिना आणि त्यांची वेल्डिंग आता पाऊणशे-ऐंशी वर्षांची झालेली असते. तीन माणसे एकदम फाळक्याच्या कडेला उभी राहिली की सगळा भार साखळीच्या एका कडीवर येतो. फाळका एक तर बंद ठेवा, नाही तर पूर्ण खाली सोडा. अर्धवट आडवा ठेवून त्यावर लोकांना उभे करू नका. आणि त्यावरून उडी मारणाऱ्याला पहिल्याच प्रयत्नात थांबवा. साखळीच्या आकड्यात किंवा कडेच्या खिळ्यात अंगठी अडकली आणि अंगाचा भार खाली गेला, तर बोटावरची कातडी मांसासकट सोलून निघते. चढण्यापूर्वी अंगठ्या काढून खिशात ठेवायला सांगणे काहींना विचित्र वाटते, पण सांगावेच.

गोदामातली चाकांची शिडी हा तिसरा प्रकार. उंच शेल्फवरून माल काढण्यासाठी वापरतात ती: लोखंडी पाइपची, वर लहानसा ओटा, दोन्ही बाजूंना कठडा, खाली चाके. पाच पायऱ्यांची शिडी पन्नास किलोच्या घरात जाते, त्यामुळे पायाच्या रेट्याने ती सहसा हलत नाही. कठडे आहेत, पायऱ्या रुंद आहेत. अमेरिकेच्या कामगार-सुरक्षा नियमांत अशा शिडीची पायरी किमान ४१ सेंटीमीटर रुंद असावी असे आहे, आणि वेगळा आधार न देता उभी करायची असेल तर उंची बुडाच्या कमीत कमी रुंदीच्या चौपटीपेक्षा जास्त नसावी. म्हणजे ५० सेंटीमीटर बुडावर २ मीटरपेक्षा उंच ओटा चालणार नाही. गाडीवर चढवण्यासाठी आम्ही यापेक्षाही काटेकोर राहू आणि चौपटीऐवजी अडीचपट धरू. कारण इथे माणूस ओट्यावर उभा राहत नाही, ओट्यावरून बाहेर पाऊल टाकतो.

सिमेंटच्या किंवा डांबराच्या मैदानावर ही शिडी उत्तम काम देते. गवतावर मात्र तिचा घात होतो, आणि तो का होतो हे नीट समजून घेण्यासारखे आहे. यातल्या बऱ्याच शिड्यांना स्प्रिंगची चाके असतात. रिकामी असताना चाके बाहेर असतात आणि शिडी ढकलता येते. माणूस पहिल्या पायरीवर चढला की त्याच्या भाराने स्प्रिंग दबते, चाके आत जातात आणि रबरी बुटे जमिनीला टेकून शिडी जागेवर रुतून बसते. हे सगळे जमीन कडक आहे असे धरून आखलेले असते. मऊ जमिनीत भार आला की स्प्रिंग दबण्याआधी चाकच मातीत घुसते. एका बाजूचे चाक घुसते, दुसरे घुसत नाही. शिडी तिरकी होते, रबरी बुटे टेकतच नाहीत, आणि दर नव्या माणसाबरोबर शिडी थोडी थोडी फिरत जाते. तासाभराने बघावे तर ओटा आणि गाडी यांच्यात एका टोकाला दोन बोटांची फट आणि दुसऱ्या टोकाला वीतभर. खाली १८ मिलिमीटरचा प्लायवुडचा अख्खा तक्ता टाकला तर हे टळते. तक्ता शिडीच्या बुडापेक्षा चारी बाजूंनी १५ सेंटीमीटर मोठा हवा आणि त्याची पुढची कड पिवळी रंगवायला हवी, नाही तर लोक तक्त्यालाच अडखळतात.

तिची दुसरी उणीव म्हणजे ओट्याच्या पुढच्या बाजूलाही बहुतेक वेळा कठडा असतो, कारण मूळ कामात माणसाने तिथून पुढे जायचेच नसते. प्रदर्शनासाठी आणताना तो काढून टाकता येतो का ते आधी बघावे. पुढचा दांडा कापून शिडी उघडी करणारे दिसतात. पण तो दांडा दोन बाजूंच्या कठड्यांना जोडून घट्ट ठेवत असतो. तो कापला की दोन्ही कठडे डुलायला लागतात. नटबोल्टने निघणारा दांडा असलेली किंवा पुढे फाटक असलेलीच शिडी घ्यावी.

लाकडी ठोकळा चौथा. जीपसाठी याच्याइतके सोपे आणि चांगले दुसरे काही नाही. विलीज किंवा फोर्ड जीप बिनदरवाजाची. जमिनीपासून गाडीच्या पोटापर्यंतची मोकळी जागा बावीसएक सेंटीमीटर, आणि पाय टाकायची कड त्याच्या बरीच वर. तिथे फक्त मधली एक पायरी हवी असते. २० सेंटीमीटर उंच, ६० लांब, ४५ रुंद, १८ मिलिमीटर प्लायवुड, चारी कोपऱ्यांत आतून ४ सेंटीमीटर जाड लाकडी टेकू, गोंद आणि स्क्रू दोन्ही, आणि वर वाळूचे कण मिसळलेला रंग. एक गोष्ट मात्र चुकवू नका: वरची फळी बाजूंच्या बाहेर आलेली नसावी. फळी ३ सेंटीमीटर जरी पुढे आलेली असली, तरी कुणी नेमके त्या कडेवर पाय देते आणि ठोकळा पुढे कलंडतो. उलट बुडच वरच्यापेक्षा मोठे करावे, बाजू थोड्या बाहेर झुकत्या ठेवाव्यात. हाताला धरायला जीपमध्ये समोरच्या काचेची चौकट दिसते, ती धरू देऊ नका. ती पुढे पडणारी आहे, तिच्या खिट्या ढिल्या असल्या तर चौकट हातात येते. डॅशबोर्डवरचा पकडदांडा किंवा सीटची चौकट दाखवा. स्टिअरिंगचे चाकही धरू नये. माणसाच्या भाराने ते फिरते आणि हात त्याच्याबरोबर जातो.

दोन ठोकळे एकावर एक रचून मोठ्या गाडीसाठी वापरणे मात्र वाईट. ४० सेंटीमीटर उंचीवर कठडा नाही आणि वरचा ठोकळा खालच्यावर सरकतो.

पाचवा प्रकार म्हणजे रंगमंचाचा जिना, आणि आमची पसंती यालाच आहे. कार्यक्रमांसाठी मंच उभारणाऱ्यांकडे २ मीटर बाय १ मीटरचे तयार तक्ते असतात, चौरस मीटरला सहसा ५०० ते ७५० किलो भार पेलणारे, पाइपच्या सुट्या पायांवर हव्या त्या उंचीला उभे करता येणारे. त्यांना अडकणारे जिने मिळतात आणि त्यातले चांगले उंचीनुसार जुळवता येतात. वर-खाली केले तरी सगळ्या पायऱ्या आपोआप सपाट राहतात आणि दोन पायऱ्यांतले अंतर सारखे राहते. तक्ता ट्रकच्या मागे आडवा लावायचा, जिना त्याच्या एका टोकाला. जीएमसी ट्रक सुमारे सव्वादोन मीटर रुंद, तक्ता दोन मीटर लांब, म्हणजे माप बरोबर जमते.

हिशेब असा. हौद्याची उंची १२० सेंटीमीटर धरली आणि एक चढ २० सेंटीमीटरचा ठेवला तर सहा चढ होतात. मधल्या पाच पायऱ्या प्रत्येकी २५ सेंटीमीटर खोल, म्हणजे जिन्याची लांबी सव्वा मीटर. त्यात तक्त्याची लांबी आणि खाली रांगेसाठी किमान २ मीटर मोकळी जागा मिळवा. ट्रकच्या मागे एवढी जागा राखून ठेवायची तर हे सगळे गाडी उभी करण्याआधीच ठरवावे लागते. नंतर शेजारच्या गाडीचे बॉनेट आडवे येते. गाडीचे माप कागदावरून घेऊ नका. टायर बदललेले असतात, पाटे बसलेले असतात, मैदान उतरते असते. त्या दिवशी, त्या जागी, टेपने मोजा. तक्त्याची उंची ६० सेंटीमीटरच्या वर गेली की पायांना तिरके आधार लावलेच पाहिजेत. चार सुटे पाय म्हणजे टेबल, आणि त्यावर माणसे चढल्यावर ते आडवे डुलते.

तक्ता हौद्याच्या पातळीला बरोबर जुळवू नये. रिकाम्या हौद्यापेक्षा ४ ते ५ सेंटीमीटर खाली ठेवावा. माणसे बसली की पाटे दबून हौदा खाली येतो. तक्ता आधीच समपातळीवर असेल तर भरलेल्या गाडीत तो हौद्यापेक्षा उंच होतो, आणि उतरायला उठलेल्या पहिल्याच माणसाचा अंगठा त्या उंचवट्यावर ठेचतो. हौदा थेट तक्त्यावर टेकला तर त्याहून वाईट, ट्रकचाच भार तक्त्यावर यायला लागतो. म्हणून दोघांमध्ये ५ सेंटीमीटर आडवी फट हवीच. फाळका खाली सोडलेला असेल तर त्याची जाडी आणि बिजागऱ्या मिळून ही फट १० ते १५ सेंटीमीटर होते. लहान मुलाचे पाऊल एवढ्या फटीत घोट्यापर्यंत जाते. वर नजर लावून आत शिरणाऱ्या मुलाला ती फट दिसत नाही, आणि मागून येणारा त्याला पुढे ढकलत असतो. त्यावर ५ मिलिमीटर जाडीची चेकर प्लेट (उठावाच्या नक्षीचा पत्रा) टाकावी, ती हौद्याच्या बाजूला दोरीने किंवा पिनेने पक्की आणि तक्त्याच्या बाजूला मोकळी, म्हणजे हौदा वर-खाली झाला तरी ती सरकून जुळवून घेते. कड पिवळी.

आणि आता मुख्य कसोटी, हाताला काय? जिन्याचा कठडा तक्त्याच्या कठड्याला जोडलेला असतो, तक्त्याचा कठडा गाडीपाशी येऊन संपतो. तिथे दोन्ही बाजूंना कमरेपासून खांद्यापर्यंत जाणारा उभा पाइप लावून घ्यावा, ३२ ते ४२ मिलिमीटर जाडीचा, म्हणजे मूठ पूर्ण बंद होते. माणूस एका हाताने हा पाइप धरून पाऊल आत टाकतो आणि दुसऱ्या हाताने हौद्याची चौकट धरतो. हात कुठेही मोकळा राहत नाही. बाकी चार प्रकारांत हे जमत नाही, आणि एवढ्या एका गोष्टीसाठी तक्ते, पाइप, माणसे, टेंपो हा सगळा खटाटोप आम्हांला पटतो. मुलांसाठी ६० ते ६५ सेंटीमीटरवर दुसरी आडवी दांडी हवी. वरची दांडी त्यांच्या डोक्याला येते.

मऊ जमिनीचा प्रश्न इथेही आहे. पाइपचा पाय किंवा जिन्याचा पाय ४ बाय ४ सेंटीमीटरचा धरला तर १६ चौरस सेंटीमीटर. चढणारा माणूस आणि जिना मिळून १२० किलो, आणि तो भार मुख्यतः पुढच्या दोन पायांवर, म्हणजे चौरस सेंटीमीटरला पावणेचार किलो. पावसानंतरच्या गवतात पाय रुततोच. प्रत्येक पायाखाली ३० बाय ३० सेंटीमीटरची १८ मिलिमीटर प्लायवुडची फळी ठेवली की तोच भार ५६ पट जागेवर पसरतो. दगड, विटा, गुंडाळलेले गोणपाट यांचे टेकू देऊ नयेत. दुपारनंतर ते सरकलेले असतात.

रणगाड्यांचा विचार वेगळा करायला हवा. शर्मन सुमारे २.७४ मीटर उंच, टी-५५ सुमारे २.४ मीटर, सेंचुरियन तीन मीटरच्या घरात. टरेटवरून (तोफेच्या फिरत्या घुमटावरून) पडणे म्हणजे घराच्या पहिल्या मजल्याजवळून पडणे, तेही खाली लोखंडी आकडे आणि पट्टे असलेल्या जागी. आमच्या मते पाहुण्यांना टरेटवर चढवूच नये. शेजारी मंचाचा तक्ता कठड्यासह उभा करून त्यावरून उघड्या हॅचमध्ये (आत उतरायच्या झाकणाच्या तोंडात) बघू द्यावे. ज्यांना अंगावर चढवायचे ठरवलेच आहे त्यांनी निदान मडगार्ड टाळावेत. ते पातळ पत्र्याचे असतात, कडा धारदार असतात. टी-५५ च्या उजव्या मडगार्डवर इंधनाच्या टाक्या आहेत आणि डाव्या मडगार्डच्या मागच्या भागात धुराड्याचे तोंड आहे. गाडी नुकतीच चालून आली असेल तर डावीकडून चढणाऱ्याचा हात तिथेच पडतो. सेंचुरियनचे सायलेन्सर दोन्ही बाजूंच्या मडगार्डवर मागे आहेत. तळहात टेकण्याआधी हाताची पाठ जवळ नेऊन बघावे, आणि पाहुण्यांच्या आधी सहायकाने बघावे. उन्हात उभ्या राहिलेल्या गडद हिरव्या पोलादाचेही तेच.

हॅचचे झाकण उघडे आहे म्हणजे ते अडकवलेले आहे असे नसते. जुन्या झाकणांची खिटी झिजलेली असते, आणि आतून वर येणारा माणूस आधारासाठी नेमके झाकणच धरतो. खिटी लावून वर पट्ट्यानेही बांधावे. टरेट फिरू नये यासाठी बॅटरीचा मुख्य स्विच बंद करणे पुरेसे नाही. आत हाताने फिरवायचा दांडा असतो, मुलांना तो दिसला की ती फिरवतातच, आणि टरेट हलते. त्या वेळी चालकाच्या हॅचमधून कुणाचे डोके बाहेर असेल तर तोफेची नळी किंवा टरेटची कड त्याच्यावर येते. टरेटचा लॉक लावा आणि तो दांडा काढून ठेवा.

युनिव्हर्सल कॅरिअर या वरून उघड्या, पट्ट्यांवर चालणाऱ्या छोट्या चिलखती गाडीला दरवाजाच नाही. चिलखती पत्र्यावरून टांग टाकून आत जायचे असते. पत्र्याची कड मांडीखाली येते, शेजारी पट्टे. पाहुण्यांना शेजारी उभे करून आत बघू द्यावे, तेवढे बास. एम-३ हाफ-ट्रॅकला (पुढे चाके, मागे पट्टे असलेल्या गाडीला) मागे दरवाजा आहे, त्यामुळे तिथे छोटा जिना चांगला बसतो. तिच्या जोडीच्या एम-२ ला तो नाही, हे गाडी बुक करतानाच विचारून घ्यावे. सगळ्यांत सोपी एम-११३ ही सैनिक वाहून नेणारी चिलखती गाडी. मागचा उतरता रॅम्प हेच प्रवेशद्वार. रॅम्प पूर्ण खाली टेकलेला हवा, लोक चढत असताना तो चालवण्याची जागा रिकामी नसावी, आणि आत डोके आपटते हे प्रत्येकाला बाहेरच सांगावे.

चाकाच्या खुर्चीवरून आलेल्यांना ट्रकच्या हौद्यापर्यंत रॅम्पने नेता येईल का, हा प्रश्न येतोच. १:१२ उताराने १२० सेंटीमीटर चढायला १४.४ मीटर लांब रॅम्प लागतो, वळणाची जागा वेगळी. बहुतेक मैदानांत ते जमत नाही. चौघांनी खुर्ची उचलून वर नेणे हा त्यावरचा उपाय अजिबात नाही. एम-११३ सारखी कमी उंचीची गाडी त्यांच्यासाठी राखून ठेवता येते, तिथे छोटा रॅम्प पुरतो.

चांगला जिना आणला तरी तो चालवणारी दोन माणसे लागतात, एक खाली, एक वर. खालच्याने एका वेळी एकालाच जिन्यावर सोडायचे, पिशव्या, कॅमेरे, आइस्क्रीम खालीच ठेवून घ्यायचे आणि कडेवर मूल घेऊन चढू द्यायचे नाही. मूल आधी चढवायचे आणि पालक त्याच्या मागे एक पायरी खाली, किंवा वरचा सहायक थांबलेला असताना मूल एकटे. वरच्याने हात देऊन ओढायचे नाही. ओढलेला हात निसटला की समोरचा मागच्या मागे पडतो, आणि नाही निसटला तर दोघेही पडतात. हात दाखवून ‘इथे धरा’ म्हणायचे. उतरताना काय सांगायचे हे पायऱ्यांच्या चढावर ठरते. साध्या जिन्यासारख्या कलाच्या पायऱ्यांवरून पुढे तोंड करून कठडा धरून उतरू द्या. कल ५० अंशांच्या वर गेला की गाडीकडे तोंड करून पाठमोरे. साध्या जिन्यावरून लोकांना पाठमोरे उतरवणारे सहायक दिसतात. तो अतिदक्षतेचा प्रकार उलटतो, कारण मागे बघायला मान वळवली की माणूस खोल पायरीची कडच चुकतो.

लोकांना फेरी मारून आणायची असेल तर आणखी एक काम वाढते. चढउतार होताना इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे आणि किल्ली किंवा मुख्य स्विचचा खटका खालच्या सहायकाच्या खिशात. जुन्या गाडीच्या हँडब्रेकवर एकट्यावर भिस्त ठेवू नये. तक्ता रेट्याने मागे सरकू नये म्हणून तो रॅचेट पट्ट्याने ट्रकच्या मागच्या ओढकडीला बांधतात. हे फार चांगले, पण हौदा दबला की पट्टा ढिला पडतो, तो दर अर्ध्या तासाने बघावा. आणि तोच पट्टा लावलेला असताना ट्रक निघाला तर जिना माणसांसकट ओढला जाईल. म्हणून पट्टा बांधला की त्याच हाताने लाल कापडाची पट्टी चालकासमोर स्टिअरिंगला बांधायची. पट्टा सुटल्यावर, चेकर प्लेट उचलल्यावर, तक्ता मागे घेतल्यावर आणि हौद्याच्या तोंडाची आडवी साखळी लावल्यावर खालच्या सहायकाने स्वतः पुढे जाऊन ती लाल पट्टी सोडायची, आणि मगच किल्ली चालकाच्या हातात द्यायची.